एसी अठरावर

सौदीतल्या जुबैलच्या फ्लॅटमध्ये रात्री दोन वाजता मी एसीचा रिमोट चाचपडत होते. २०१६ चा जुलै. बाहेर आखाती समुद्राचा दमट उकाडा, आत एसी बावीसवर, नवरा चादर गळ्यापर्यंत ओढून झोपलेला. माझ्या छातीतून एक झळ उठली, मानेवरून वर चढली, कानशिलं तापली, गाऊन पाठीला चिकटला. एसी अठरावर नेला. पाच मिनिटांत दात वाजायला लागले, मग बंद केला. हे रोज रात्री चाललं होतं. शेवटी आम्ही एसीचा मिस्त्री बोलावला. त्याने फिल्टर धुतला, गॅस तपासला आणि म्हणाला, "मॅडम, मशीन ओके."

मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होते. विज्ञान शिकलेली. दोन मुलांची आई. आणि आपली पाळी जायला आली आहे हे मला कळायला आणखी आठ महिने लागले.

का लागले, ते इथे लिहायचं आहे. कारण साधं आहे आणि संतापजनक आहे. मला सांगणारी बाई माझ्याजवळ नव्हती.

नाशिकला आमच्या घरी उन्हाळ्यात पापड लाटायला आठ-दहा बायका बसायच्या. आम्हा मुलींना लाट्या खायला मिळायच्या म्हणून आम्ही तिथेच घुटमळायचो. त्या गप्पांत सगळं असायचं. कुणाचं अंगावरून जास्त जातंय, कुणाला सहा महिने झाले काही नाही, कुणाच्या अंगातून वाफा निघतात, कोण विनाकारण रडते. एखादी थोरली बाई लाटणं न थांबवता म्हणायची, "होतं गं. दोन वर्षं त्रास देतं, मग सुटतेस." एवढंच. पण त्या एवढ्यात निदान होतं, मुदत होती आणि धीरही होता. आम्ही सौदीला गेलो तेव्हा कुकर नेला, पोळपाट नेला, गोडा मसाला नेला. त्या बायका सामानात बसत नव्हत्या.

आईशी फोन व्हायचा शुक्रवारी, कारण तिथे सुट्टी शुक्रवारची. फोन स्पीकरवर, नवरा-मुलं भोवती, पलीकडे बाबा. स्पीकरवर "आई, तुझी पाळी कशी गेली गं?" असं विचारता येत नाही.

बाळंतपणाला आई येते. आमच्या बिल्डिंगमध्ये मुलगी गरोदर राहिली की जावई सातव्या महिन्यातच सासूच्या व्हिजिट व्हिसाची धावपळ सुरू करायचा. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, मालिशचं तेल घेऊन सासूबाई दम्मामला उतरायच्या. पाळी जाताना कोण येतं? त्या दुखण्याला व्हिसा नाही, लाडू नाहीत, घरात त्याची चर्चाही नाही. आणि हे बाळंतपणासारखं चाळीस दिवसांत आटपत नाही. पाळी पूर्ण थांबण्याआधीची ही धुसफूस चार-चार, सात-सात वर्षं चालू शकते.

मला शेवटी सांगितलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या भाभींनी. भाभी खेडच्या, कोकणी मुसलमान, माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. औषधाच्या दुकानाबाहेर आम्ही दोघी उभ्या होतो. नमाजची वेळ झाली होती, शटर अर्धं खाली आलं होतं, वीस-पंचवीस मिनिटं थांबणं भाग होतं. मला झळ आली आणि मी अबायाची बाही कोपरापर्यंत ओढून वारा घ्यायला लागले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, महिना कधीपासून चुकतोय काय?"

मी रस्त्यावर रडले. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी नेमका प्रश्न विचारला होता. त्याआधी एका दवाखान्यात मी छातीतल्या धडधडीसाठी जाऊन आले होते. तिथे ईसीजी काढला, थायरॉइड तपासलं, झोपेची गोळी दिली. पाळीबद्दल एका शब्दाने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही, कारण नवरा दुभाष्या म्हणून शेजारी बसला होता.

भाभींनी आपलं सांगितलं. त्यांना हे आधी रमजानमध्ये कळलं. पाळीत नमाज नाही, रोजाही नाही. सुटलेली नमाज भरून द्यायची नसते, पण सुटलेले रोजे पुढे वर्षभरात एकेक करून ठेवावे लागतात. त्यामुळे घरात कुणाची पाळी चालू आहे हे बोलावं लागत नाही, सहरीला कोण उठलं नाही त्यावरून कळतं. भाभींचे दर वर्षी सहा-सात रोजे राहायचे. मग एक वर्ष असं आलं की आज डाग, उद्या नाही, परवा पुन्हा. हा महिना धरायचा की नुसतं अंगावरून जाणं? दोन्हींचे नियम वेगळे. दुसऱ्या प्रकारात नमाजही पढता येते आणि रोजाही ठेवता येतो. विचारायचं कुणाला? गावी त्यांच्या चाची होत्या, त्यांनी चटकन सांगितलं असतं. इथे मशिदीत जाऊन परक्या मौलवीला हे विचारायची त्यांची हिंमत होईना. त्या वर्षी त्यांनी रोजेही ठेवले आणि नंतर भरूनही दिले, दोन्ही. आणि पुढच्या वर्षी तीसच्या तीस रोजे सलग झाले. ईदच्या दिवशी शिरखुर्मा ढवळताना आनंद झाला की वाईट वाटलं, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

मी त्यांना ऋषिपंचमी सांगितली. भाद्रपदातल्या त्या दिवशी आमच्या घरात बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत, ऋषीची भाजी करतात, आणि ते व्रत पाळीतल्या विटाळाचं पाप फिटावं म्हणून करतात. पाळी गेली की अनेक घरांत त्याचं उद्यापन. जुबैलमध्ये मी फ्रोजन भेंडी आणि मिळेल त्या पालेभाजीवर ती भाजी करत आले होते. नियमित पाळणाऱ्या बाईला हे व्रत पटो न पटो, मला स्वतःला त्यातलं पाप कधीच पटलं नाही. पण त्या व्रताने एक गोष्ट केली होती. पाळी संपणं हा बाईच्या आयुष्यातला एक प्रसंग आहे, हे त्याने मानलं होतं. चार बायका जमवून, हळदीकुंकू लावून मानलं होतं.

अरबीत या वयाला 'सिन्न अल-यअस' म्हणतात. शब्दशः, निराशेचं वय. उर्दूतही तेच, सिन्न-ए-यास. तिथल्या दवाखान्याच्या भिंतीवर मी हा शब्द ऐटीत छापलेला बघितला आहे. मूळ अर्थ इतका कडू नाही. कुराणात घटस्फोटानंतरची इद्दत, म्हणजे पुन्हा लग्न करण्याआधी थांबायचा काळ, किती पाळायची ते सांगताना, पाळी येण्याची आशा आता ज्यांनी सोडली आहे अशा बायकांचा उल्लेख आहे आणि त्यांना तीन महिन्यांची इद्दत सांगितली आहे. आशा सोडली ती पाळीची. लोकांनी ती आयुष्यालाच चिकटवली. आता काही अरब डॉक्टर बायका 'सिन्न अल-अमल', आशेचं वय, असा शब्द रुजवायला बघताहेत. त्यांचं मला कौतुक आहे. आपणही फार वर बसलेलो नाही. 'रजोनिवृत्ती' हा शब्द पुस्तकात बंद आहे, घरात तो कुणी तोंडाने म्हणत नाही. घरात म्हणतात, "तिचं ते वय झालंय." ते म्हणजे कोणतं, हे सांगायला जीभ रेटत नाही.

दोन्हीकडच्या सरकारांना मात्र हे वय बरोबर मोजता येतं. सौदीच्या नियमात हजला येणाऱ्या बाईबरोबर महरम, म्हणजे नवरा, बाप, भाऊ, मुलगा असा पुरुष हवा असे. पंचेचाळीस ओलांडलेल्या बाईला गटातून एकटीने येण्याची सवलत होती. भारताने २०१८ च्या हजपासून त्यानुसार पंचेचाळिशीपुढच्या बायकांना चौघींच्या गटात महरमशिवाय पाठवायला सुरुवात केली. २०२३ मध्ये अशा ४,००० हून अधिक बायका भारतातून गेल्या. २०२२ च्या ऑक्टोबरात सौदीच्या हजमंत्र्यांनी महरमची अट उरली नसल्याचं जाहीर केलं. ही मोकळीक मला मनापासून हवी होती. ज्या बायका गेल्या त्यांचे चेहरे मी बघितले आहेत. पण पंचेचाळीसच का? भारतातल्या बाईची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाते, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या आसपास. हा आकडा कुणी बोलून दाखवत नाही, पण तो कुठून आला हे बाईला सांगावं लागत नाही. मूल होण्याची शक्यता संपत आली की तिच्यावरचा पहारा उठतो.

मग तिला मक्केच्या उन्हात पाठवताना तरी त्या वयाचा विचार व्हावा. २०२४ च्या हजमध्ये मक्केत ५१.८ अंश तापमान नोंदवलं गेलं, १,३०० वर माणसं दगावली. त्या गर्दीत कितीतरी बायका पंचेचाळीस ते पंचावन्नमधल्या. इस्ट्रोजेन उतरायला लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. एरवी जो अर्धा अंश शरीर गिळून टाकतं, त्याला ते घाबरतं, रक्तवाहिन्या उघडतं, घामाचा लोट सोडतं. ही झळ. ती एसीतही येते, काबागृहाला तवाफ, म्हणजे प्रदक्षिणा, करतानाही येते. हजला निघालेल्या बायकांना पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या कोणत्या घ्यायच्या हे एकमेकींकडून कळतं, कारण पाळीत तवाफ करता येत नाही. पण ज्यांची पाळी आता बेभरवशाची झाली आहे, त्यांनी या गोळ्या कशा घ्यायच्या? अचानक अंगावरून गेलं तर काय समजायचं? झळ कोणती आणि उष्माघात कोणता, हे कसं ओळखायचं? हजच्या प्रत्येक प्रशिक्षणात यासाठी बाई डॉक्टरचा एक तास ठेवा. फक्त बायकांसाठी, दार लावून.

असाच आणखी एक आकडा आहे, तीस. घरकामासाठी आखातात निघालेली बाई तीस वर्षांच्या वर हवी, असा आपल्या सरकारचा नियम. तरुण मुलींचं शोषण होऊ नये म्हणून केलेला. त्याचा अर्थ असा की जी जाते ती चाळिशीच्या वाटेवर असते, आणि दोन-तीन करार झाले की ती नेमकी या वयात त्या स्वयंपाकघरात उभी असते. जाण्याआधी मुंबईत तिची मेडिकल होते. क्षय बघतात, कावीळ बघतात, एचआयव्ही बघतात, पोटात गर्भ आहे का ते बघतात. फिट की अनफिट, शिक्का. तिची पाळी जायला आली आहे का, हाडांची काय अवस्था, रक्त किती कमी, हे तिच्या भल्यासाठी कुणी विचारत नाही. भारत आणि सौदीत घरकामगारांविषयीचा करार २ जानेवारी २०१४ ला झाला. सौदीच्या २०१३ च्या नियमांत या बायकांना दिवसाला निदान नऊ तास विश्रांती लिहिलेली होती. रात्री चार-चारदा घामाने भिजून उठणाऱ्या बाईचे नऊ तास कुणी मोजायचे? आणि मार्च २०२१ मध्ये सौदीने कामगारांना मालक बदलायची मुभा दिली, तेव्हा घरकाम करणाऱ्यांना त्यातून वगळलं. बाहेरच्या कामगाराला जे मिळालं ते घरातल्या बाईला मिळालं नाही.

परदेश कशाला, बीडला चला. ऊसतोडीला जाणारी जोडी म्हणजे एक कोयता. उचल नवरा-बायकोच्या नावाने. एक दिवस आडवं पडलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीचे चार दिवस फडात जागा नाही, पाणी नाही, थांबता येत नाही. पांढरं जातं, पोट दुखतं, डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाक. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकजणी चाळिशीच्या आतल्या. पिशवीबरोबर अंडाशयही गेलं असेल तर झळा, हाडांची झीज, सांधेदुखी, हे सगळं रातोरात अंगावर येतं. यातल्या कितीजणींना कुणी सांगितलं होतं की पाळी थोड्या वर्षांनी आपली आपण जाते?

शरीर सगळीकडे सारखं आणि तरी सारखं नाही, याचे पुरावे पन्नास वर्षं जुने आहेत. मार्शा फ्लिंट या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान आणि हिमाचलातल्या ४८३ राजपूत बायकांशी बोलून १९७५ मध्ये लिहिलं की त्यांच्या तक्रारी फारच थोड्या होत्या. कारण पाळी गेली की त्यांचा पडदा सुटायचा, पुरुषांत बसता यायचं, हसता-बोलता यायचं. मला हे अर्धंच पटतं. बक्षीस मिळालं म्हणून झळ येत नाही, असं मी माझ्या अंगावरून सांगू शकत नाही. पण झळ आली तरी तिची भीती वाटत नाही, हे पटतं. सिल्हेटहून लंडनला गेलेल्या बांगलादेशी बायकांचाही अभ्यास झाला आहे. जिचं बालपण बांगलादेशात गेलं तिच्या अंडाशयातला साठा, लहानपणीच लंडनला आलेल्या बाईपेक्षा कमी निघाला. म्हणजे आपण कुठे वाढलो हेही अंडाशय लक्षात ठेवतं.

आमच्या घराचा परत यायचा निर्णय मात्र अंडाशयाने घेतला नाही, एका शुल्काने घेतला. १ जुलै २०१७ पासून सौदीने परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल लावले. दर वर्षी त्यात शंभराची भर, २०२० ला ४००. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नूतनीकरणाच्या वेळी वर्षाचे एकदम भरायचे. बायको आणि दोन मुलं धरली तर पहिल्या वर्षी ३,६०० रियाल, चौथ्या वर्षी १४,४००. हजारो घरांनी तोच हिशोब केला. मार्च २०१८ ला शाळा संपली आणि आमच्या बिल्डिंगमधून एकामागून एक कुटुंबं फायनल एक्झिटवर निघाली. पुरुष मागे राहिले. तिथे त्यांना 'बॅचलर' म्हणतात, घरी बायको आणि तीन मुलं असली तरी. आम्ही ठाण्याला आलो, भाभी खेडला. त्याच जूनमध्ये सौदीत बायकांनी गाडी चालवायला सुरुवात केली. मला आनंद झाला होता, आणि बारा वर्षं मागच्या सीटवर बसून काढल्याचं दुःखही.

परत आल्या त्या बायका बहुतेक पंचेचाळीस-पन्नासच्या. उन्हाच्या देशात बारा-पंधरा वर्षं काढूनही ड जीवनसत्त्व तळाला, कारण दिवस एसीत आणि बाहेर पडलं की अबाया. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं हाडं झपाट्याने विरळ होतात, त्यात ही कमतरता. आणि नवरा वर्षातून एकदा, पस्तीस-चाळीस दिवसांसाठी येतो. यावर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. या वयात योनी कोरडी पडते, संबंध दुखतात, जळजळ होते. वर्षभर वाट बघितलेल्या नवऱ्याला बाई हे सांगू शकत नाही. तो समजतो हिचं मन उडालं, ती समजते आपण संपलो. यावर साधं वंगण मिळतं, डॉक्टरच्या सल्ल्याने लावायचं हार्मोनचं क्रीम मिळतं, आणि त्याने फरक पडतो.

खेडच्या एका बाईने मला जे सांगितलं ते ऐकून मी रात्रभर झोपले नाही. नवरा दम्मामला, हिची पाळी तीन महिने आली नाही. वय चव्वेचाळीस. गावातल्या डॉक्टरकडे जायची तिला चोरी, कारण तिथे बसलेल्या चार बायकांनी दिवस मोजले असते. ती चिपळूणला गेली, खोट्या नावाने, सोबत कुणी नाही. तपासणीत काहीच निघालं नाही, वयाचंच होतं. पण त्या तीन महिन्यांत तिने विहिरीकडे जाणं बंद केलं होतं. भीती वाटायची म्हणाली. कसली, ते मी विचारलं नाही.

मोठे सल्ले द्यायला मी डॉक्टर नाही. पण बारा महिने सलग पाळी आली नाही म्हणजे ती गेली, आणि त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी डॉक्टरला दाखवायचंच, एवढं प्रत्येक बाईला पाठ हवं. हार्मोनच्या गोळ्यांना २००२ मधल्या एका अमेरिकन अभ्यासानंतर जगभर भीती बसली. आता डॉक्टर वय, घराण्यातले आजार बघून अनेकींना त्या देतात. विचारायला हरकत नाही. नवऱ्याला बाहेर बसवून विचारा.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला फोन वाजला. जुबैलहून. तिथे नऊ वाजले होते. आमच्याच जुन्या बिल्डिंगमधली, मूळ सांगलीची मुलगी, वय त्रेचाळीस. नंबर भाभींनी दिलेला. "काकू, झोपल्या होता का?" मग मुलांच्या परीक्षा, लुलूमधले कांद्याचे भाव, नवऱ्याची नाईट शिफ्ट. मी ऐकत राहिले. दहा मिनिटांनी ती म्हणाली, "काकू, आमचा एसी बिघडलाय बहुतेक."

आम्ही सव्वा तास बोललो. पुढच्या रविवारी तिने फोन केला तेव्हा तिच्याकडे आणखी दोघी बसल्या होत्या. एक जळगावची, एक दापोलीची. मी भाभींनाही त्याच फोनवर घेतलं.